थाट: सतारीच्या दांडीवरून वहीत

सतारीचे पडदे दांडीला बांधलेले असतात, ठोकलेले नसतात. शुद्ध गंधाराचा पडदा खुंट्यांच्या बाजूला जरासा सरकवला की तिथेच कोमल गंधार मिळतो. मोजके पडदे असलेल्या सतारीवर राग बदलायचा तर आधी अशी सरकवासरकव करावी लागते. पडद्यांच्या या मांडणीला वादक थाट म्हणत आले. नवशिक्याने थाट इथूनच समजून घ्यावा: राग वाजण्याआधी स्वर जागेवर बसवणे, एवढेच त्याचे काम.

त्याला शास्त्राचे रूप दिले पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी. 1860 साली वाळकेश्वरला जन्मलेले हे वकील 1904 मध्ये दक्षिणेत हिंडले. तिथे सतराव्या शतकातल्या व्यंकटमखीची 72 मेळांची, म्हणजे तिकडच्या थाटांची, पद्धती होती. गणिताने जमतील तेवढे सगळे मेळ त्याने मांडले होते. भातखंड्यांनी मात्र उत्तरेत प्रत्यक्ष गायले जाणारे राग समोर ठेवून दहाच थाट घेतले. मला त्यांची खरी थोरवी या निवडीत दिसते. थाटांना नावेही ओळखीच्या रागांचीच दिली: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी.

पेटी असेल तर यातले सहा आजच ऐकता येतील. फक्त पांढऱ्या पट्ट्या वापरा. पांढरी एकला सा धरला की बिलावल. पुढच्या पट्टीला सा मानून तसेच वर गेलात की काफी, मग क्रमाने भैरवी, कल्याण, खमाज, आसावरी. सातवीपासून पंचमच सापडत नाही, म्हणून तिथे थाट नाही. उरलेल्या चौघांना काळ्या पट्ट्या लागतातच.

पण थाट गायचा नसतो. त्यात सातही स्वर ओळीने हवेत, रागाला पाचही पुरतात. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच: सा रे ग प ध. तरी भूप कल्याण थाटात आणि देशकार बिलावलात, कारण भूपाचा जीव गंधारावर, देशकाराचा धैवतावर. अहीर भैरवाची पंचाईत वेगळी. त्याचे पूर्वांग भैरवाचे, उत्तरांग काफीचे; सगळे स्वर एका थाटात बसतच नाहीत. तरी वर्गात तो भैरव थाटाचाच म्हणून शिकवतात.