गवताचे मूळ, हिरवळीचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. गवताला मात्र ही सूट देता येत नाही. कॅलिफोर्नियात घर घेतलेल्या आपल्यापैकी अनेकांनी गेल्या काही वर्षांत दारची हिरवळ काढून तिथे 'दुष्काळ सोसणारी' शोभेची गवते लावली आहेत, किंवा निदान तसा विचार चालवला आहे. नर्सरीत अशा गवतांच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या असतात आणि 'कमी पाणी पुरते' अशी चिठ्ठी सगळ्यांवरच असते. पण ते गवत कुठल्या मुलखातले आणि तिथला दुष्काळ कसा असतो, हे चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेले असते. खरी मेख तिथेच आहे. ती कळण्यासाठी थोडे मागे जाऊ या.

पाहुणी हिरवळ

कातरलेल्या हिरवळीची आवड अमेरिकेत आली ती मुख्यतः इंग्लंडमधून. तिथे पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतच राहतो. बड्या जमीनदारांच्या वाड्यांपुढचे गवत मेंढ्या चरून राखत, नाहीतर मजूर लांब दांड्याच्या कोयत्यांनी कापत. १८३० मध्ये एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने कापडगिरणीतले कापड कातरणारे यंत्र पाहून गवत कापायचे यंत्र बनवले आणि ही चैन मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागली. १८७० मध्ये फ्रँक स्कॉट या लेखकाने अमेरिकनांना सल्ला दिला की घरांमध्ये कुंपणे घालू नका, सगळ्यांची हिरवळ एकमेकांत मिळू द्या. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउनसारखी उपनगरे उभी राहिली, तेव्हा हिरवळ वेळच्या वेळी कापणे हा तिथल्या घरमालकांवर घातलेल्या अटींचाच भाग झाला. सर्वांत लोकप्रिय गवत होते केंटकी ब्लूग्रास. नाव केंटकीचे असले तरी कूळ युरोप-आशियाचे!

आमच्या आयटीच्या धंद्यात अशा प्रकाराला 'लेगसी सिस्टिम' म्हणतात. कोणी, कशासाठी बसवली ते कोणालाच आठवत नाही, पण खर्च सगळे निमूटपणे करत राहतात. सॅन होजेला वर्षाकाठी साधारण १५ इंच पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या जवळपास निम्मा, आणि तोही बहुतेक सगळा नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये. ऐन उन्हाळा कोरडा ठणठणीत. तिथे इंग्लंडची हिरवळ जगवायची म्हणजे तिला रोज दुसऱ्या मुलखाचा पाऊस विकत आणून पाजण्यासारखे आहे.

जमिनीखालचे पीक

अमेरिकेचे स्वतःचे गवत पाहायचे तर मधल्या मैदानी प्रदेशात जावे लागते. तिथल्या पश्चिमेकडच्या कोरड्या पट्ट्यात बफेलो ग्रास आणि ब्लू ग्रामा ही बुटकी गवते हजारो वर्षे माती धरून होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, विशेषतः पहिल्या महायुद्धात गव्हाचे भाव चढल्यावर, लाखो एकर कुरण नांगरले गेले. १९३० च्या दशकात पाऊस हटला आणि मोकळी माती वाऱ्यावर उडू लागली. हेच ते 'डस्ट बोल'. १४ एप्रिल १९३५ च्या वादळाने भरदिवसा अंधार केला, म्हणून तो दिवस 'ब्लॅक संडे' म्हणून ओळखला जातो. त्याच महिन्यात अमेरिकन काँग्रेसने मृदसंधारणाचा कायदा केला.

याच काळात नेब्रास्का विद्यापीठातले जॉन वीव्हर हे वनस्पतिशास्त्रज्ञ कुरणांत माणूसभर खोल चर खणून गवतांच्या मुळांची चित्रे काढत होते. जमिनीवर गुडघाभर दिसणाऱ्या गवताची मुळे कित्येक फूट खोल गेलेली त्यांना आढळली. दुष्काळात कोण मेले आणि कोण तगले याच्याही नोंदी त्यांनी ठेवल्या. लिटल ब्लूस्टेमसारखी उथळ मुळांची गवते मोठ्या प्रमाणावर मेली, आणि त्यांच्या जागी कोरड्या पट्ट्यातली बुटकी गवते पूर्वेकडे सरकली.

हीच गवते आज बागेसाठी मिळतात. बफेलो ग्रास जेमतेम वीतभर वाढते, कापावे लागत नाही म्हटले तरी चालेल. ब्लू ग्रामा फूट-दीड फूट होते आणि त्याचे आडवे तुरे छोट्या दातघासणीसारखे दिसतात. दोन्ही काटक आहेत. पण त्यांच्या मुलखात पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि हिवाळ्यात ती झोपतात. म्हणजे आपल्याकडे बाकीचे डोंगर हिरवे होतात, नेमकी तेव्हाच ही पिवळी पडतात! कोलोरॅडोत ती घरचीच. आपल्याकडे ती लावायची तर हे उलटे वेळापत्रक चालवून घ्यायची तयारी हवी.

तण आणि शोभा

गवताला बागेत मानाचे पान मिळवून देण्यात जर्मनीतल्या पॉट्सडामजवळच्या कार्ल फोर्स्टर (१८७४-१९७०) या नर्सरीवाल्याचा मोठा वाटा आहे. त्यांच्या नावाचे उभ्या तुऱ्यांचे फेदर रीड ग्रास २००१ मध्ये अमेरिकेत 'वर्षाचे झाड' म्हणून निवडले गेले. जर्मनीहून आलेले वोल्फगांग ओमे आणि त्यांचे भागीदार जेम्स व्हॅन स्वीडन यांनी १९७० च्या दशकापासून वॉशिंग्टन परिसरात गवतांच्या बागा केल्या. फोर्स्टरचे गवत देखणे आहे, थंडीही उत्तम सोसते, पण आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्याला बऱ्यापैकी पाणी लागते. जर्मनीचा दुष्काळ तो केवढा!

याच्या उलट टोकाला आफ्रिकेचे फाउंटन ग्रास आणि दक्षिण अमेरिकेचे पॅम्पास ग्रास. पॅम्पासच्या पांढऱ्या तुऱ्यांची १८७० च्या दशकात सँटा बार्बारा परिसरात चक्क शेती होत असे, दिवाणखान्यात मांडण्यासाठी. त्याच्या जातीची गवते आज किनाऱ्यावरच्या टेकड्या व्यापून बसली आहेत. फाउंटन ग्रासही दक्षिण कॅलिफोर्निया, अॅरिझोना आणि हवाईत रानोमाळ पसरले आहे. दुष्काळ सोसण्याची ताकद जास्त झाली की बी कुंपण ओलांडते, आणि वाळलेले गवत म्हणजे सरपण. ऑगस्ट २०२३ मध्ये माउईवरच्या लाहाइनात शंभराच्या आसपास माणसे आगीत गेली. पडीक ऊसमळ्यांत माजलेले परदेशी गवत त्या आगीला पोसणाऱ्या कारणांपैकी एक होते.

मग कॅलिफोर्नियाचे स्वतःचे काय? डिअर ग्रास. तीन-चार फुटी गोल झुडूप, बहुतेक वर्षभर हिरवट, आणि एकदा मुळे धरली की उन्हाळ्यात महिन्याकाठी एखादे पाणी पुरते. इथल्या योकुट्स, मोनो, कहुइया या मूळच्या लोकांनी त्याच्या काड्यांवर टोपल्या विणल्या. काड्या सरळ आणि भरपूर याव्यात म्हणून ते गवताची बेटे ठरावीक काळाने जाळीत. म्हणजे या गवताची मशागत इथे हिरवळीच्या कितीतरी आधीची आहे.

लव्हाळ्याचे भाऊबंद

गवतासारखे दिसणारे, पण वेगळ्या कुळातले म्हणजे सेज. शेतकऱ्याला छळणारा लव्हाळा आणि दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा हे याच कुळातले. कांडी बोटांत फिरवून पाहा, बहुधा तिला तीन कडा लागतात. यातले बरेचसे पाणथळीचे, पण काही कोरड्यातही तगतात. इथलेच फील्ड सेज धावत्या मुळांनी पसरून हिरवळीसारखे दिसते, वर्षातून दोन-तीनदा कापले तरी भागते. मात्र उन्हाळ्यात हिरवे हवे असेल तर अधूनमधून पाणी द्यावे लागते. 'बर्कली सेज' झाडाखालच्या कोरड्या सावलीत छान टिकते. गंमत म्हणजे ते अनेक वर्षे इथल्या स्थानिक जातीच्या नावाने विकले गेले, आणि नंतर कळले की ते मूळचे युरोपातले आहे. पुन्हा कुळाचाच घोळ!

आणि दूर्वा

इथले लोक जिला बर्म्युडा ग्रास म्हणतात आणि वैतागून 'डेव्हिल ग्रास' म्हणतात, ती आपली दूर्वाच. नाव बर्म्युडाचे, पण ती अमेरिकेत आली जुन्या जगातून. उन्हाने करपली तरी जमिनीखालच्या गाठींतून पुन्हा फुटते. म्हणून गणपतीला एकवीस दूर्वांची जुडी इथेही परसातच मिळते, आणि म्हणूनच नव्या गवताच्या वाफ्यात ती राहिली तर वर्षभरात सगळे गिळून टाकते. लावण्याआधी वाफा नीट निपटा. एखादी कुंडी मात्र बाप्पासाठी राखा.

एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी शहरी पाणीवापरात २५ टक्के कपातीचा हुकूम काढला, तेव्हा पाच कोटी चौरस फूट हिरवळ बदलायचे लक्ष्यही ठेवले. २०२३ च्या कायद्याने कचेऱ्या, दुकाने आणि सोसायट्यांच्या सामाईक जागांतल्या निव्वळ शोभेच्या हिरवळीला पिण्याचे पाणी घालणे २०२७ पासून टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरवले. घरांची अंगणे त्यातून वगळली आहेत. तिथला निर्णय आपला आपण घ्यायचा आहे.

तेव्हा नर्सरीत तीन प्रश्न जरूर विचारा. हे गवत मूळचे कुठले? तिथे पाऊस कधी पडतो? आणि त्याचे बी वाऱ्यावर जाते का? लावाल तेव्हा पहिल्या पावसाच्या सुमारास लावा, पहिली एक-दोन वर्षे पाणी द्या, आणि घराच्या भिंतीपासून पाच फूट जागा मोकळी ठेवा. आपल्या आईवडिलांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, पाण्याचा हंडा मोजून वापरला. त्यांची नातवंडे इथे स्प्रिंकलरच्या तुषारांत खेळत वाढली. पाणी कुठून येते आणि गवत कुठून येते, हे त्यांना सांगायला अंगणाइतकी सोयीची शाळा दुसरी नाही.