अश्वशक्ती : मोजलेली आणि जाहिरातीतली

मोटार घेण्यास निघालेला गृहस्थ माहितीपत्रक उघडतो तेव्हा किमतीच्या खालोखाल त्याची नजर ज्या आकड्यावर स्थिरावते, तो अश्वशक्तीचा. हा आकडा शास्त्राचा आहे अशी आपली समजूत असते, आणि ती चुकीची म्हणता येणार नाही. मात्र तो प्रथम लिहिला गेला तो यंत्र विकणाऱ्याच्या हिशेबवहीत, आणि पुढेही जो तो विचारणारा बदलला तसतसा तो कमीजास्त होत गेला. त्याचा हा प्रवास पाहण्यासारखा आहे.

१७८० नंतरच्या दशकात जेम्स वॉट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन इंग्लंडात आपली वाफेची यंत्रे खपवीत होते. खाणीवर न्यूकमेनचे जुने यंत्र असेल तेथे व्यवहार सोपा होता: नव्या यंत्राने जो कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा या दोघांचा. पण मद्याच्या कारखानदाराकडे किंवा गिरणीवाल्याकडे जुने यंत्र नव्हतेच; रिंगणात फिरणारे घोडे होते. तो विचारी, ‘तुमचे यंत्र माझे किती घोडे सोडवील?’ तेव्हा वॉटने घोड्याचाच हिशेब मांडला. २४ फूट व्यासाच्या रिंगणात तासाला १४४ फेऱ्या, आणि ओढण्याचा जोर १८० पौंड. याचे मिनिटाला सुमारे ३२,५०० फूट-पौंड होतात. वॉटने ते सरळ ३३,००० केले. म्हणजे ३३,००० पौंडांचे ओझे एका मिनिटात एक फूट उचलण्याचे काम ती एक अश्वशक्ती. त्याच काळातील नामांकित इंजिनिअर जॉन स्मीटन याने घोड्याची मजल २२,९०० च्या आसपासच धरली होती. वॉटचा घोडा हा दिवसभर राबणाऱ्या खऱ्या घोड्यापेक्षा चांगलाच दांडगा होता.

हे औदार्य कशासाठी? दहा घोड्यांचे म्हणून घेतलेले यंत्र दहा घोड्यांना हार गेले, अशी तक्रार घेऊन कोणी दारात येऊ नये, हे एक कारण सहज सुचते. पण दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. चाक फिरवणाऱ्या यंत्राचे भाडे बोल्टन आणि वॉट दर अश्वशक्तीमागे वर्षाला पाच पौंड, लंडनमध्ये सहा, असे घेत. घोडा मोठा धरला की बिलातले घोडे कमी भरतात! विक्रेत्याने स्वतःच्या तोट्याकडे झुकते माप धरल्याचे असे उदाहरण या सबंध इतिहासात पुन्हा क्वचितच भेटते. मीटर नसलेल्या शेतीपंपाचे बिल हॉर्सपॉवरवर आकारण्याची जी रीत महाराष्ट्रात पडली, तिचा हा पूर्वजच म्हणावा.

फ्रान्स-जर्मनीत दशमान पद्धती आल्यावर तिकडचा घोडा किंचित लहान झाला. सेकंदाला ७५ किलोग्रॅम वजन एक मीटर उचलणे ही त्यांची अश्वशक्ती. आपल्या जाहिरातींत कोठे ‘पीएस’ तर कोठे ‘बीएचपी’ असे जे छापतात, त्यातला भेद हाच: १०० पीएस म्हणजे सुमारे ९८.६ बीएचपी. फरक लहान आहे, पण तीन अंकांचा आकडा छापण्याचा मोह त्याहून मोठा असतो.

‘बीएचपी’मधला ‘बी’ म्हणजे ब्रेक. १८२१ साली गास्पार द प्रोनी या फ्रेंच इंजिनिअरने फिरत्या दांड्याला लाकडी ठोकळ्यांचा चाप लावला, चापाला लांब दांडी जोडली आणि ती दांडी उचलली जाऊ नये म्हणून किती वजन टांगावे लागते ते पाहिले. वजन, दांडीची लांबी आणि फेऱ्या, एवढ्यावरून शक्ती निघते. आजची उपकरणे कितीतरी सुधारलेली आहेत, तत्त्व तेच. ब्रेक खोटे बोलत नाही. मात्र ब्रेकला जोडताना इंजिनाच्या अंगावर काय ठेवले नि काय काढले, हे तो सांगत नाही.

पण काही वेळा आकड्यासाठी ब्रेक लावण्याचीही गरज पडली नाही. ब्रिटनमध्ये १९२१ पासून मोटारीवर दर अश्वशक्तीला एक पौंड कर बसला, आणि ही अश्वशक्ती मोजायची ती केवळ सिलिंडरचा व्यास व संख्या यांच्या सूत्राने. पिस्टन किती लांब धावतो याची सूत्राला फिकीर नव्हती. मग काय, इंग्रज कारखानदारांनी सिलिंडर अरुंद नि उंच केले. फोर्डच्या मॉडेल टी गाडीची खरी शक्ती सुमारे वीस, पण सूत्राने ती साडेबावीस भरे आणि मालकाला २३ पौंड पडत. छोट्या ऑस्टिन सेव्हनला आठ. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सने मॉरिस टेनवरून काढलेली ‘हिंदुस्थान टेन’ ज्यांनी पाहिली असेल त्यांना सांगावेसे वाटते, की नावातले ते दहा घोडे कराच्या सूत्रातले होते. ब्रेकवर मॉरिस टेनचे इंजिन सदतीसच्या घरात जाई. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४७-४८ मध्ये, ही पद्धत गेली. तोवर इंग्रजी इंजिनाची ठेवण मात्र कर-अधिकाऱ्याच्या सूत्राने घडून गेली होती.

अमेरिकेत नेमके उलटे झाले. तेथे मोठा आकडा हे भूषण होते. १९५५ साली क्रायस्लरने आपल्या गाडीचे नावच ‘३००’ ठेवले, कारण तिची अश्वशक्ती ३०० होती. हे आकडे ‘ग्रॉस’, म्हणजे इंजिन उघडे करून काढलेले. पंखा, हवेची गाळणी, गाडीतला सायलेन्सर अशी शक्ती खाणारी मंडळी परीक्षेपुरती दूर ठेवायची. गिऱ्हाईक मात्र ती सारी मंडळी सोबत घेऊनच रस्त्यावर जाई. पुढे १९६० नंतरच्या दशकात विमा कंपन्या जोरकस गाड्यांकडे, विशेषतः तरुण चालकांकडे, डोळे वटारून पाहू लागल्या, तेव्हा काही आकडे मुद्दाम खाली आणले गेले. शेव्हरोलेच्या कमॅरो झेड-२८ गाडीला १९६७ मध्ये २९० ची चिठ्ठी लावली होती. इंजिनात त्याहून पुष्कळ अधिक दम आहे, असे जाणकार मानत.

१९७२ साली ‘नेट’ मापन रूढ झाले. सर्व सरंजामासह इंजिन तपासायचे. कॅडिलॅक एल्डोराडोचे उदाहरण बोलके आहे. १९७० साली तिची अश्वशक्ती ४००, १९७१ साली ३६५, आणि १९७२ साली २३५! पैकी पहिली घट खरी होती. इंजिनातील दाब कमी केला होता. दुसरी, १३० घोड्यांची, जवळजवळ सगळी कागदावरची. लोकांना मात्र गाड्याच एकाएकी दुबळ्या झाल्या असे वाटले.

तरी नेट आकडाही कारखान्यानेच सांगायचा होता. १९९९ मध्ये फोर्डच्या मस्टँग कोब्राची जाहिरात ३२० अश्वशक्तीची होती. मालकांच्या तपासणीत ती भरेना. कंपनीला विक्री थांबवून गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि दुरुस्त करून द्याव्या लागल्या. २००५ साली अमेरिकेतील मोटार-इंजिनिअरांच्या संस्थेने एक नवा नियम आणला: ‘प्रमाणित’ हा शब्द छापायचा असेल तर परीक्षेच्या वेळी त्रयस्थ साक्षीदार जवळ हवा. सक्ती नव्हती. पण नव्या रीतीने मोजताना टोयोटा कॅमरीचे सहा सिलिंडरचे तीन लिटरचे इंजिन २१० वरून १९० वर आले, आणि ५०० च्या अंदाजाचे कॉर्व्हेट झेड-०६ चे इंजिन ५०५ भरले.