ग्रीक नीतिविचार व उत्तर कोकण

सद्गुण, सुख आणि राज्य यांविषयीचे प्राचीन ग्रीक चिंतन व पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील अशोकाचे धर्मलेख यांचा अनुबंध. ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) याच्या मते सुख म्हणजे क्षणिक उपभोग नव्हे, तर संपूर्ण आयुष्यभर सद्गुणानुसार चालणारा आत्म्याचा व्यापार होय, सद्गुण हा अतिरेक व न्यूनता यांमधील, विवेकाने ठरविलेला मध्य असून तो सवयीनेच अंगी बाणतो, आणि म्हणून नागरिकांना सद्वर्तनाचे वळण लावणे हे राज्याचे कर्तव्य ठरते. श्रेय जाणूनही वासनेपुढे नमणाऱ्या असंयमास त्याने ‘अक्रासिया’ म्हटले.

हाच शब्द कंदाहार येथील अशोकाच्या, १९५८ साली उजेडात आलेल्या ग्रीक लेखात येतो. तेथे ‘धम्म’ याला ‘एउसेबेइया’ (धर्मनिष्ठा) हा प्रतिशब्द योजिला आहे. त्याच सम्राटाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना सोपारा येथे सापडला, तर नवव्याचा अंश १९५६ मध्ये जवळच्या भुईगावी मिळाला (हा मुलूख २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो). नवव्या लेखात निरर्थक मंगलविधींहून दास-सेवकांशी सद्वर्तन, गुरुजनांचा आदर व प्राणिमात्रांविषयी संयम श्रेष्ठ मानला आहे.

याच उत्तर कोकणातील कल्याण बंदर ग्रीक दर्यावर्दींना ‘कल्लिएना’ या नावाने परिचित होते. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रंथानुसार तेथे चुकून आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात.

राजसत्तेने प्रजेचे शील घडवावे, ही श्रद्धा ॲरिस्टॉटल व अशोक या उभयतांत समान आहे. तथापि ॲरिस्टॉटलने दास्य निसर्गसिद्ध मानून दासांना नागरिकत्वाबाहेर ठेवले, तर अशोकाने त्यांच्याशी सद्वर्तन हे धर्माचे एक लक्षण सांगितले.