घड्याळावर लावलेला सौदा : २४ फेब्रुवारी २०२१

सकाळी ९:१५
मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, उघडला. बीड जिल्ह्यातल्या नारायणगडावरून कुणी मोबाईलवरून एनएसईवर शेअर घेतला, तरी ऑर्डर ब्रोकरच्या सर्व्हरमार्गे इथेच येते. त्या सर्व्हरवर पडद्यामागे एक काम वेळ लावून ठेवलेलं असतं : इंट्राडेचा, म्हणजे त्याच दिवशी मिटवायचा, जो सौदा दुपारी तीन-सव्वातीनपर्यंत उघडा राहील, तो आपोआप कापायचा. बाजार साडेतीनला बंद होतो, हे त्यात धरूनच चाललेलं.

१० नंतर
एनएसईचा निर्देशांक निफ्टी, त्याचा आकडा हलेना. सौदे मात्र होत होते.

११:४०
एनएसईने सगळे व्यवहार थांबवले. दोन्ही दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या डळमळल्या होत्या आणि जोखीम मोजणारी यंत्रणाच बंद पडली होती. कुणाचं मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ठेवलेली अनामत, किती उरलं हे कळत नसताना बाजार चालू ठेवणं घातकच ठरलं असतं. थांबवलं ते योग्यच.

दुपारी १२ ते ३
मुंबईतला दुसरा शेअर बाजार, बीएसई, सुरू होता. दुसऱ्या दिवशी, २५ तारखेला, वायद्यांची मासिक एक्स्पायरी, म्हणजे मुदत संपण्याचा दिवस. एनएसई आज पुन्हा उघडणार का, याचं ठाम उत्तर गुंतवणूकदारांना मिळत नव्हतं. माझ्या मते खरं नुकसान या तीन तासांतल्या मौनाने केलं. बिघाड कुठेही होतो. पण पुढची वेळ माहीत नसेल, तर ब्रोकरने तरी कशाच्या आधारावर ठरवायचं?

३ नंतर
ठरलेली वेळ झाली. अनेक ब्रोकरांनी ग्राहकांचे इंट्राडे सौदे बीएसईवर कापले. तिथे उलाढाल कमी, त्यामुळे मिळेल तो भाव.

३:३० च्या तोंडावर
घोषणा झाली : व्यवहार ३:४५ ते ५.

सायंकाळी ५
निफ्टी २७४ अंकांनी वाढून १४,९८२ वर, बीएसईचा सेन्सेक्स हजाराहून अधिक अंकांनी वर. तेजीवर पैसे लावून दुपारीच बाहेर फेकले गेलेले नुसते पाहत राहिले.

मार्चमध्ये बाजार नियामक सेबीने नियम कडक केले : महत्त्वाची यंत्रणा कोलमडली, तर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची, त्यानंतर ४५ मिनिटांत काम पूर्ववत करायचं. ब्रोकरसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे : सौदा कापणारं काम निव्वळ घड्याळावर लावू नका. बाजार उघडा आहे का, आज कधी बंद होणार, हे त्याने आधी विचारावं. उत्तर मिळालं नाही, तर माणसाला उठवावं. आणि इंट्राडे करणाऱ्या प्रत्येकाने असा दिवस आला तर आपल्या सौद्याचं काय होणार, हे ब्रोकरकडून आजच लेखी घ्यावं.