फाशांच्या खेळात चित्रपटातील थरार कसा आणतात?

मेजाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या ‘रोल प्लेइंग’ खेळांत प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. पात्र काय करते हे तो शब्दांत सांगतो. कथेची सूत्रे गेम मास्टरच्या हाती असतात आणि जेथे यशाची खात्री नसते, तेथे फासे निर्णय देतात. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ साली प्रसिद्ध झालेला खेळ या प्रकाराचा आद्य नमुना होय.

या खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत चढणे, पोहणे व उडी मारणे ही कौशल्ये शक्तीशी, तर तोल सांभाळणे व कोलांटउडी चपळाईशी जोडलेली आहेत. वीस बाजूंच्या फाशावरील दानात पात्राचे कौशल्यगुण मिळवतात. ही बेरीज ठरलेल्या काठिण्याइतकी किंवा अधिक झाली, की कृती साधते. मध्यम कठीण कृतीसाठी १५ हा अंक असतो. साध्या लांब उडीला मात्र फासा लागत नाही. शक्तीचा अंक १६ असलेले पात्र १० फूट धावत येऊन १६ फूट उडी घेते. जागेवरून ८ फूट.

खरी अडचण थरारक प्रसंगात येते. समजा, माजरी जंक्शनवरून सुटलेल्या कोळशाच्या मालगाडीत नायकाला एका वाघिणीवरून दुसरीवर झेप घेऊन, तोल सावरून शत्रूला गाठायचे आहे. कौशल्यगुण ५ व काठिण्य १५ असल्यास एका फेकीत यशाची शक्यता ५५ टक्के असते. झेप, तोल व पकड यांसाठी तीन स्वतंत्र फेकी मागितल्यास ती जेमतेम १७ टक्क्यांवर येते. मग खेळाडू धाडस सोडून सुरक्षित मार्ग धरतो आणि खेळातील रंगत ओसरते.

यावर निरनिराळे उपाय योजले गेले. हाँगकाँगच्या मारधाडपटांवर बेतलेल्या रॉबिन लॉज यांच्या ‘फेंग शुई’ (१९९६) या खेळाने अशा कसरतींना मुक्त वाव दिला. ‘एक्झॉल्टेड’मध्ये (२००१) कृतीचे रंगतदार वर्णन करणाऱ्यास जादा फासे मिळतात. सर्वांत सोपा उपाय म्हणजे संपूर्ण कसरतीसाठी एकच फेक घेणे. दान फसले तरी नायकाला थेट रुळांवर न पाडता वाघिणीच्या कडेला लोंबकळत ठेवावे. त्यामुळे धोका कायम राहतो आणि कथाही पुढे सरकते.