रेस्टलेस लेग सिंड्रोम: रात्री पाय वळवळण्यावर कोणती औषधे आहेत?

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माऊलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत माळशिरस तालुका ओलांडते. दिवसभर चाललेल्या वारकऱ्याचे पाय रात्री ठणकतात आणि आडवे झाल्यावर त्यांना आराम पडतो. रेस्टलेस लेग सिंड्रोममध्ये नेमके उलटे होते. आडवे झाले की त्रास सुरू होतो, उठून चार पावले टाकली की थांबतो. पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळते, ओढल्यासारखे होते आणि पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. पोटरीत गोळा येणे हा प्रकार वेगळा. त्यात स्नायू कडक होऊन दुखतो, इथे तसे होत नाही. स्वीडनचे डॉक्टर कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी १९४५ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले.

आधी रक्ततपासणी

मेंदूला लोह कमी पडणे हे या आजाराचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. पण फक्त हिमोग्लोबिन पाहून भागत नाही. ते ठीक असतानाही शरीरातला लोहाचा साठा कमी असू शकतो. त्यासाठी फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन तपासावे लागते.

इथेच अनेकांची गफलत होते. लॅबच्या कागदावर फेरिटिन ३० असले तरी ‘नॉर्मल’ छापून येऊ शकते. या आजारात मात्र प्रौढांमध्ये ते ७५ किंवा त्याहून कमी असेल, तर लोह देण्याचा विचार करावा, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. गोळ्या चहासोबत घेऊ नयेत, लिंबूपाण्यासोबत चालतात. शौच काळसर होते, बद्धकोष्ठता होऊ शकते आणि फरक पडायला काही आठवडे ते महिने लागतात. गोळ्या सोसत नसतील तर शिरेतून लोह देतात, पण ते दवाखान्यातच. तपासणीशिवाय लोह घेत राहू नये, जास्तीचे लोहही घातक असते.

प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल

पार्किन्सनवरची ही औषधे अमेरिकेत अनुक्रमे २००६ आणि २००५ मध्ये या आजारासाठी मंजूर झाली. पहिल्याच काही रात्री शांत झोप लागते, म्हणून ती खूप वर्षे पहिली निवड होती. पुढे वेगळेच दिसले. काही महिने-वर्षांनी त्रास रात्रीऐवजी दुपारीच सुरू होतो, हातांपर्यंत पसरतो, डोस वाढवला की आणखी बिघडतो. याला ऑग्मेंटेशन म्हणतात. काहींना जुगाराची किंवा खरेदीची अनावर ओढ लागते. ऑनलाइन रमीत पैसे घालवणारा माणूस त्याचा दोष गोळीला देईल, ही शक्यता कमीच. म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवावे. आता नेहमीच्या उपचारात ही औषधे सुचवली जात नाहीत.

गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन

मधुमेहात पायांची आग होते तेव्हा दिली जाणारी हीच औषधे. आपल्याकडे प्रीगॅबालिन बी-१२ सोबत एकाच गोळीतही मिळते. लोहाबरोबर आता यांना प्राधान्य आहे. गुंगी, चक्कर, पायांवर सूज, वजन वाढणे हे त्यांचे दुष्परिणाम. वृद्धांना रात्री उठताना पडण्याचा धोका असतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो, आणि डायलिसिसच्या रुग्णांत हा आजार वारंवार दिसतो. गोळी घेऊन दारू पिणे धोक्याचे.

चालू औषधांची यादी दाखवा

सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड, नैराश्यावरची आणि मानसिक आजारांवरची काही औषधे हा त्रास वाढवतात. कधी कधी एक गोळी बदलली तरी पाय शांत होतात. पण बदल डॉक्टरांनीच करायचा. प्रामिपेक्सोल किंवा प्रीगॅबालिन आधीपासून चालू असेल, तर ते एकदम बंद करू नये, डोस हळूहळू उतरवावा लागतो. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हा त्रास वाढतो. तेव्हा आधी लोह तपासतात, आणि बहुतेकींचा त्रास बाळंतपणानंतर कमी होतो.