ताजमहाल हॉटेलातील ‘भूत’ आणि रावसाहेब वैद्य

नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. या महिन्यात आम्ही कबरींना आशीर्वाद देत गावोगाव फिरत असतो. असेच एकदा पैठण रस्त्यावरील चितेगावात एका कुटुंबात चहासाठी बसलो असता, हॉटेल व्यवसायाचे शिक्षण घेणाऱ्या मुलाने विचारले, “फादर, मुंबईच्या ताजमध्ये ते बांधणाऱ्याचे भूत फिरते म्हणतात, ते खरे का?” आजीने पटकन कपाळावर क्रुसाची खूण केली. आम्ही मात्र प्रश्न हसण्यावारी नेला नाही, कारण त्यामागे एका मृत माणसाच्या अब्रूचा प्रश्न दडलेला आहे.

आख्यायिका अशी : कोणा इंग्रज वास्तुविशारदाने नकाशे काढून दिले आणि तो मायदेशी गेला. परत येऊन पाहतो तो इमारत उलटी बांधलेली, तोंड शहराकडे आणि पाठ समुद्राकडे! त्या धक्क्याने त्याने वरून उडी घेतली आणि तेव्हापासून त्याचा आत्मा तेथील दालनांतून भटकतो. काही जण त्याचे नाव चेंबर्स असेही सांगतात.

आता इतिहास काय सांगतो ते पाहू. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. त्या खचलेल्या शहरात जमशेटजी टाटांनी भव्य हॉटेल उभारण्याचे मनावर घेतले आणि अपोलो बंदरावर १८९८ साली काम सुरू झाले. नकाशे काढले ते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या भारतीयांनी. हे वैद्य म्हणजे व्हिक्टोरिया टर्मिनस या रेल्वेस्थानकाच्या बांधकामात फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचे साहाय्यक. इमारत अपुरी असतानाच १९०० साली हिवतापाने वैद्यांचे निधन झाले. उरलेले काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने पूर्णत्वास नेले आणि १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेलाचे दरवाजे उघडले. तेव्हा ज्याने नकाशे काढले तो आत्महत्येने नव्हे, तापाने गेला; आणि ज्याच्या नावावर आत्महत्या खपवली जाते त्याने ती वास्तू डोळ्यांदेखत पुरी केली.

मग इमारत ‘उलटी’ का? मुळात ती उलटी नाहीच. पाहुणे शहराच्या बाजूने घोडागाडीतून येत, म्हणून प्रवेशद्वार त्या बाजूस ठेवले होते. समुद्राची बाजू खोल्यांना मिळाली, म्हणजे बंदराचे दृश्य आणि वारा दोन्ही लाभले. गेटवे ऑफ इंडिया तर १९२४ साली पुरे झाले. पुढे येण्याजाण्याची वाट समुद्राकडून झाली, जुन्या प्रवेशाच्या बाजूला पोहण्याचा तलाव आला, आणि पुढच्या पिढ्यांना वाटू लागले की बांधणाराच चुकला!

असे केवळ मुंबईतच घडते असे नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील सव्हाना हे १७३३ साली वसलेले शहर तेथील झपाटलेल्या खाणावळी आणि पथिकाश्रमांबद्दल प्रसिद्ध आहे. रात्री प्रवाशांना पैसे घेऊन तेथे भुतांच्या जागा दाखवतात. तेथील मार्शल हाऊस हे १८५१ सालचे हॉटेल यादवी युद्धात सैनिकांचे रुग्णालय झाले होते. पीतज्वराच्या साथींनीही त्या शहरात शेकडो बळी घेतले. जखमांनी आणि तापाने तळमळून गेलेली ती माणसे कोणाची तरी लेकरे होती. आज ती रात्रीच्या करमणुकीचा विषय झाली आहेत.

आमच्या ताजनेही आजारी माणसे पाहिली आहेत. पहिल्या महायुद्धात तेथे सहाशे खाटांचे रुग्णालय चालले. त्याची आठवण आज फारशी कोणी काढत नाही. न घडलेली आत्महत्या मात्र घरोघर ठाऊक आहे! त्या आख्यायिकेने दोन अन्याय एकदम केले. चेंबर्सच्या माथी आत्मघात मारला, आणि वैद्य व मिर्झा यांचे श्रेय पुसून टाकले. एवढे देखणे काम एतद्देशीय माणसाचे असू शकते, हे जणू सांगणाऱ्यांच्या मनातही आले नाही.

खोटी साक्ष देऊ नको, ही आठवी आज्ञा जिवंतांपुरती आहे असे कोठेही लिहिलेले नाही. जिवंत माणूस निदान आपली बाजू मांडू शकतो. मृताला ती सोयही नसते.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झालेल्या दहशतवादी हल्ल्यात याच हॉटेलात एकतीस जणांचा बळी गेला. पाहुण्यांना वाचवताना प्राण गमावलेले सेवकही त्यांत होते. त्या सर्वांची नावे आज तेथील स्मारकावर कोरलेली आहेत. मृतांचे स्मरण करण्याची रीत ती अशी : नाव घ्यावे, खरे काय घडले ते सांगावे, आणि त्यांना शांती मागावी.

त्या मुलाला आम्ही एवढेच सांगितले, “उद्या तू ताजमध्ये नोकरीला लागलास आणि एखाद्या पाहुण्याने भुताची गोष्ट विचारली, तर त्याला रावसाहेब वैद्यांची गोष्ट सांग.” आजीने मान डोलावली, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत आपल्या घरच्या मृतांच्या नावांना एका अनोळखी नावाची जोड दिली.